माडाच्या शेंड्यावर पाणी कोण चढवते?



शहाळ्याचे पाणी पिताना तुमच्या मनात कधी असा प्रश्न आला आहे का, की हे पाणी इतक्या उंच गेले कसे? पाणी जमिनीत आणि शहाळे वीस मीटर उंचीवर. तुमच्या घराच्या गच्चीवरील टाकीत पाणी चढवायचे तर विजेचा पंप लागतो. तो घरघरतो, तापतो, अधूनमधून बिघडतो आणि महिन्याच्या शेवटी विजेचे बिलही आणतो. आता एखाद्या माडाच्या बुंध्याला कान लावून पाहा. काहीही ऐकू येणार नाही. तरीही पाणी चढत असते आणि तेही पन्नास-साठ वर्षे अखंड!

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. वनस्पतिशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण या प्रश्नाने मला दोनदा अडवले. एकदा लहानपणी आणि एकदा भर वर्गात. दोन्ही हकिकती सांगतो, म्हणजे प्रश्नाची अडचण तुमच्या नीट ध्यानात येईल.

विहिरीवरचा पंप

१९९२ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. कोकणातल्या आमच्या घरच्या विहिरीचे पाणी त्या वर्षी फार खाली गेले. काठावर बसवलेला पंप सुरू केला की नुसताच फिरे, पाण्याचा थेंब येत नसे. वडिलांनी फूटव्हॉल्व्ह बदलला, पाइपाचे सांधे आवळले, पंपात पाणी भरून पाहिले. काही उपयोग झाला नाही. शेवटी मिस्त्रींना बोलावले. त्यांनी दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजली. ती अडतीस फूट भरली. ते म्हणाले, “अण्णा, नवीन पंप आणलात तरी हेच होणार. पाणी पंचवीस फुटांखाली गेलं की पंप वर ठेवून चालत नाही. पंपच खाली उतरवायला हवा.”

दुसऱ्या दिवशी विहिरीत दोन लोखंडी तुळया आडव्या टाकून पंप त्यांवर बसवला आणि पाणी आले. मिस्त्रींचे म्हणणे अगदी शास्त्रशुद्ध होते. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण खरे म्हणजे तो पाइपातली हवा काढून घेतो आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब विहिरीतले पाणी पाइपात वर ढकलतो. वातावरणाचा हा दाब सुमारे १०.३ मीटर, म्हणजे जवळजवळ ३४ फूट उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलू शकतो. त्याहून वर नाही. गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात पंपांच्या या मर्यादेचा उल्लेख केला आहे आणि त्याचा शिष्य टॉरिचेली याने काही वर्षांतच पाऱ्याच्या नळीचा प्रयोग करून तिचे कारण दाखवले. प्रत्यक्ष पंपाला गळती, घर्षण आणि पाण्याची वाफ यांमुळे ३४ फूटही जमत नाहीत. पंचविसाच्या आसपासच त्याची धाव संपते.

विहिरीच्या कडेलाच आमचा माड होता. त्याचा शेंडा मात्र हिरवागार. पंपाला जे चौतीस फुटांपलीकडे कधीच जमणार नाही, ते माड साठ फुटांवर रोज करत होता.

वर्गातला प्रश्न

पुढे मी शिक्षक झालो. अकरावीला पृष्ठताण शिकवताना केशाकर्षणाचा भाग येतो. बारीक काचनळी पाण्यात उभी धरली की नळीत पाणी आपोआप वर चढते. हा भाग संपवताना मी दर वर्षी एक वाक्य हमखास सांगत असे, “झाडांच्या खोडात पाणी याच तत्त्वाने चढते.” एके वर्षी एका विद्यार्थिनीने हात वर केला. ती म्हणाली, “सर, मी सूत्रात आकडे घालून पाहिले. नळीची त्रिज्या ०.०२ मिलिमीटर धरली, तर पाणी ७३ सेंटिमीटरच चढतं. आमच्या दारातला माड वीस मीटरचा आहे.”

मी फळ्यावर गणित पुन्हा केले. उंची काढण्यासाठी पृष्ठताणाच्या दुपटीला पाण्याची घनता, गुरुत्वत्वरण आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराने भागायचे. उत्तर खरोखरच पाऊण मीटरच्या आत आले. नळी जितकी रुंद तितके पाणी कमी चढणार. वीस मीटर चढवायचे तर त्रिज्या ०.०००७ मिलिमीटर हवी. इतक्या बारीक नळीतून पाणी वाहणारच किती? त्रिज्या निम्मी केली की त्याच दाबाला प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. या हिशेबाने एका नळीतला प्रवाह पाच लाखांहून अधिक पटींनी घटेल. मग शेंड्यावरची पाने तहानेने मरतील! आणखी एक गोष्ट. केशाकर्षणात नळीतल्या पाण्याला वरच्या बाजूला मोकळा, वक्र पृष्ठभाग लागतो. झाडातल्या नळ्या तर शेंड्यापर्यंत पाण्याने भरलेल्या असतात.

म्हणजे ते वाक्य मी इतकी वर्षे न तपासता सांगत आलो होतो. मी वर्गाला म्हटले, “मला याचे उत्तर येत नाही. आठवड्याने सांगतो.” त्या आठवड्यात जे वाचले आणि करून पाहिले, ते आता तुम्हांला सांगतो.

मुळांपासून सुरुवात

सपुष्प वनस्पतीचे, म्हणजे फुले येणाऱ्या वनस्पतीचे शरीर तीन मुख्य अवयवांचे असते. मूळ, खोड आणि पान. फूल आणि फळ ही पुढची पिढी तयार करण्याची व्यवस्था, पण त्यांना पोसायचे काम या तिघांचेच. पाण्याची वाट या तिघांतूनही जाते.

मुळाच्या टोकाच्या थोडे मागे बारीक केसांसारखे मूलरोम असतात. मातीच्या कणांभोवती जे पाण्याचे पातळ आवरण असते, त्याला हे मूलरोम भिडतात. मूलरोमाच्या आतला रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असतो. त्यामुळे तर्षणाने पाणी आत शिरते. मनुका पाण्यात टाकली की फुगते, तोच हा प्रकार. तेथून पाणी मुळाच्या गाभ्याकडे जाते. गाभ्याभोवती अंतस्त्वचा नावाचा पेशींचा एक थर असतो. त्यातील पेशींच्या भिंतींवर मेणचट पट्टे असल्यामुळे पाण्याला भिंतींच्या फटींतून निसटता येत नाही, पेशीच्या पटलातूनच जावे लागते. हा जणू जकात नाकाच. नको असलेले बरेचसे क्षार येथे अडवले जातात.

खोडातील नळ

गाभ्यात पोचलेले पाणी जलवाहिन्यांत शिरते. या वाहिन्यांच्या समूहाला प्रकाष्ठ म्हणतात. आपण ज्याला लाकूड म्हणतो ते म्हणजे मुख्यतः हेच. जलवाहिनीची गंमत अशी की ती मेलेल्या पेशींची बनलेली असते. एकावर एक रचलेल्या लांबट पेशी वाढ पुरी झाल्यावर मरतात, आतला जीवरस नाहीसा होतो, मधले पडदे विरघळतात आणि उरतो तो पोकळ, कठीण भिंतीचा नळ. झाडाला हा नळ मेल्यावरच उपयोगी पडतो!

आंबा, वड यांसारख्या द्विदल वृक्षांत साल आणि लाकूड यांच्यामध्ये वाढीचा एक थर असतो. तो नवे लाकूड तयार करत राहतो. माड एकदल आहे. त्याला हा थर नसतो. माडाच्या खोडाचा आडवा छेद घेतलात तर गडद ठिपके विखुरलेले दिसतात. कडेला दाट, मध्यभागी विरळ. प्रत्येक ठिपका म्हणजे वाहिन्यांचे एक जुडगे. यात नव्या नळांची भर पडत नाही. म्हणजे तुमच्या आजोबांच्या लहानपणी त्या उंचीवर तयार झालेले नळच आजही काम करत असतात. कोणत्या नगरपालिकेचे नळ इतके टिकतात?

खालून ढकलतो की वरून ओढतो?

आता मुख्य प्रश्न. पाणी वर न्यायचे दोनच मार्ग आहेत. खालून ढकलणे किंवा वरून ओढणे.

ढकलण्याचा पुरावा आहे. पहाटे अळूच्या पानाच्या टोकाशी पाण्याचा थेंब लोंबताना तुम्ही पाहिला असेल. पुष्कळ जण त्याला दव समजतात. पण दव पानभर पसरते. टोकाशी येणारा हा थेंब पानाच्या आतून आलेला असतो. रात्री मुळे पाणी घेत राहतात, पानांतून ते उडून जात नाही, म्हणून आत दाब वाढतो. याला मूलदाब म्हणतात. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने द्राक्षवेलीच्या कापलेल्या खोडाला नळी जोडून हा दाब मोजला आणि १७२७ साली तो प्रसिद्ध केला. पण मूलदाब क्वचितच दोन वातावरणांच्या पलीकडे जातो. शिवाय भर दुपारी, जेव्हा पाण्याची खरी गरज असते, तेव्हा तो नाहीसा झालेला असतो.

दुसरा पुरावा आमच्या माडावरच होता. चढणाऱ्याला पाय ठेवता यावा म्हणून माडाच्या खोडाला कोयत्याने खाचा पाडतात. खालून पाणी जोराने ढकलले जात असते, तर फुटक्या पाइपातून उडते तशी त्या खाचेतून चिळकांडी उडाली असती. तशी ती उडत नाही. उलट, दुपारी कापलेल्या डहाळीच्या टोकाला पाणी लावले तर ती ते आत खेचून घेते. झाडाचे खोड दिवसा किंचित बारीक होते आणि रात्री पुन्हा भरते, हेही सूक्ष्म मोजमापांनी सिद्ध झाले आहे. ढकलणाऱ्या दाबाने नळ फुगला असता. येथे तो आत ओढला जातो. तेव्हा जोर वरून लागतो आहे, हे उघड आहे.

मग कदाचित खोडातल्या जिवंत पेशी टप्प्याटप्प्याने पाणी वर देत असतील? हा विचार मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्याही मनात आला. आपले जगदीशचंद्र बसू यांनी १९२३ साली यावर एक ग्रंथच लिहिला. खोडातील जिवंत पेशींच्या स्पंदनांमुळे रस वर चढतो, असे त्यांचे मत होते. वनस्पतींच्या हालचाली मोजणारी त्यांची उपकरणे आजही थक्क करतात. परंतु पाणी चढण्याचे हे स्पष्टीकरण पुढे टिकले नाही. त्याविरुद्धचा एक मोठा पुरावा त्याआधीच मिळालेला होता. जर्मनीतील बॉन येथे एडुआर्ड स्ट्रासबुर्गर याने सुमारे वीस-बावीस मीटर उंचीचा ओक वृक्ष बुडाशी कापून पिक्रिक आम्लाच्या हौदात उभा केला होता. या विषाने खोडातल्या जिवंत पेशी मरत गेल्या, तरी द्राव वर चढतच राहिला. तो पानांपर्यंत पोचला आणि पाने मेल्यावरच चढणे थांबले. हे निरीक्षण १८९१ साली प्रसिद्ध झाले. अर्थ स्पष्ट होता. खोड म्हणजे नुसता नळ. पंप आहे तो पानांत.

पाण्याचा दोर

आता पदार्थविज्ञानाची अडचण पुन्हा उभी राहते. वरून ओढून पाणी चौतीस फुटांपलीकडे येत नाही, हे तर विहिरीवर पाहिले. मग पाने ओढतात कशी?

रहाटाने पाणी काढताना आपण काय करतो? दोर ओढतो. घागर साठ फूट खोल असली तरी ती वर येते. येथे वातावरणाच्या दाबाचा काही संबंध नाही. दोर तुटत नाही तोपर्यंत तो कितीही लांब असू दे. झाडात पाणीच दोर बनते!

पाण्याचा दोर ही कल्पना विचित्र वाटेल, पण पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. या धरून ठेवण्याला संसंजन म्हणतात. पंपाच्या रुंद पाइपात हवेचे बुडबुडे असतात, भिंतींना घाण असते, म्हणून ताण पडताच पाण्याचा स्तंभ तुटतो आणि मधली जागा वाफेने भरते. पण पाणी बारीक, स्वच्छ नळीत असेल, आत एकही बुडबुडा नसेल आणि नळीच्या भिंतीला पाणी चिकटून राहत असेल, तर ते चांगलाच ताण सोसते. बर्टेलो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली बंद काचनळीत गरम पाणी काठोकाठ भरून ते थंड केले. थंड होताना पाण्याला आकसायचे होते, पण भिंत सोडायची नव्हती. ते ताणले गेले आणि त्याने सुमारे पन्नास वातावरणांचा ताण सोसला, असा हिशेब निघाला. १९५० साली अमेरिकेत ब्रिग्ज याने पाण्याने भरलेली बारीक नळी वेगाने गरगर फिरवली. तेव्हा स्तंभ तुटायला पावणेतीनशे वातावरणांच्या आसपास ताण लागला.

झाडाला किती लागतो? दर दहा मीटर उंचीला सुमारे १ वातावरण आणि नळांतील घर्षणासाठी साधारण तेवढाच आणखी. वीस मीटरच्या माडाला चारेक वातावरणे पुरतात. बोर्निओ बेटावरील सबाह येथे आपल्या सालवृक्षाच्या वंशातला एक वृक्ष २०१९ साली मोजला, तो १००.८ मीटर भरला. त्यालाही वीस वातावरणांच्या आसपास ताण पुरेल. पाण्याचा दोर त्याहून कितीतरी मजबूत आहे.

आयर्लंडमधील डब्लिन येथे हेन्री डिक्सन हा वनस्पतिशास्त्रज्ञ आणि जॉन जोली हा पदार्थविज्ञानाचा अभ्यासक यांनी १८९४ साली ही उपपत्ती मांडली. दोन विषयांचे दोन मित्र एकत्र बसले म्हणून हे कोडे सुटले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दोर ओढतो कोण?

पानाच्या खालच्या बाजूला सूक्ष्म छिद्रे असतात. ती पर्णरंध्रे. प्रत्येक छिद्राच्या दोन कडांना घेवड्याच्या दाण्यासारख्या दोन रक्षक पेशी असतात. त्यांत पाणी भरले की त्या फुगून बाहेर वाकतात आणि छिद्र उघडते. पाणी कमी झाले की त्या सैलावतात आणि छिद्र मिटते. हवेतील कार्बन डायऑक्साइड आत घेण्यासाठी हे दार उघडावेच लागते, कारण त्यापासूनच पान अन्न तयार करते. पण दार उघडले की आतल्या पेशींवरचे पाणी वाफ होऊन बाहेर पडते. हाच बाष्पोच्छ्वास. मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी शंभरातले पंच्याण्णवहून अधिक भाग असे उडून जातात. हेल्सने साडेतीन फूट उंचीचे सूर्यफुलाचे झाड रोज वजन करून पाहिले, तेव्हा दिवसाच्या बारा तासांत ते सरासरी सव्वा पौंड, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे अधिक पाणी गमावत होते.

पानातल्या पेशींच्या भिंती अतिसूक्ष्म तंतूंच्या विणलेल्या असतात. तंतूंमधल्या फटींत पाणी असते. वाफ उडू लागली की पाणी त्या फटींत किंचित मागे सरते आणि त्याचा पृष्ठभाग आत वाकतो. वाकलेला पृष्ठभाग मागचे पाणी ओढतो. किती जोराने? आपले तेच सूत्र वापरा. फटीची त्रिज्या मिलिमीटरचा एक लाखावा भाग धरली, तर ओढ सुमारे १४० वातावरणांची येते!

पाहिलेत? केशाकर्षण खरेच आहे. फक्त मी त्याची जागा चुकवली होती. ते खोडाच्या रुंद नळ्यांत शोधायचे नसून पानाच्या भिंतींतील फटींत शोधायचे. पाणी चढवणारी केशनळी वीस मीटर लांब नाही. ती शेंड्यावर, पानात आहे. तिला टांगलेला पाण्याचा अखंड दोर मुळांपर्यंत पोचतो.

नळ चेपत का नाही आणि दोर तुटला तर?

पंपाचे दोन पाइप आठवा. पाणी बाहेर सोडणारा पाइप साधा, चपटा होणाराही चालतो. पण विहिरीत सोडलेला लवचीक पाइप असेल तर त्यात तारेची किंवा कडक प्लॅस्टिकची सर्पिल गुंडाळी असते. नाहीतर तो ओढीने चेपला जाईल. कोवळ्या जलवाहिनीचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. तिच्या भिंतीला आतून अगदी तशीच कडी आणि मळसूत्रासारखे वेढे असतात!

तरीही कडक उन्हाळ्यात, माती कोरडी पडली की ताण वाढतो आणि एखाद्या नळातला दोर तुटतो. १९६६ साली मिलबर्न आणि जॉन्सन या शास्त्रज्ञांनी एरंडाच्या पानाला ध्वनिग्राहक लावून दोर तुटल्याचे ‘टक् टक्’ आवाज ऐकले. तुटलेल्या नळात बुडबुडा पसरतो आणि तो नळ निकामी होतो. मात्र शेजारच्या नळाशी जोडणाऱ्या खळग्यांत बारीक जाळीचे पडदे असतात. बुडबुड्याला ते ओलांडणे कठीण जाते, पाणी मात्र वळसा घालून पुढे जाते. फार नळ तुटले तर फांदी वाळते. म्हणून पाणी कमी पडताच झाड पर्णरंध्रे मिटून घेते. तहान टाळावी तर उपासमार, पोट भरावे तर तहान, अशी ही रोजची कसरत आहे. रोप उपटून दुसरीकडे लावताना माळी काही पाने खुडतो आणि रोप सावलीत ठेवतो, ते याचसाठी. मूलरोम तुटल्यामुळे दोराचे खालचे टोक सुटलेले असते, तेव्हा वरची ओढ कमी करणेच शहाणपणाचे.

ताण मोजला

उपपत्ती कितीही सुंदर असली तरी मोजमाप हवे. ते १९६५ साली शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. डहाळी कापून पोलादी डब्यात ठेवायची आणि तिचे कापलेले टोक बाहेर काढायचे. कापताच ताणलेले पाणी आत पळालेले असते. डब्यात वायूचा दाब वाढवत न्यायचा. पाणी टोकाशी परत दिसले की तो दाब म्हणजेच आधीचा ताण. उंच वृक्षांच्या शेंड्याकडील डहाळ्या त्यांनी बंदुकीच्या गोळीने पाडल्या! शेंड्याकडे ताण अधिक आणि खाली कमी, असेच आढळले.

आपल्या खाड्यांच्या काठी असते तशी खारफुटीही त्यांनी तपासली. समुद्राच्या पाण्यातील मीठ सुमारे पंचवीस वातावरणांच्या जोराने पाणी धरून ठेवते. तेथून गोडे पाणी काढून घ्यायचे तर ओढ त्याहून मोठी हवी. ती तशीच, तीस वातावरणांहून अधिक भरली. खाडीतले तिवर तोऱ्यात उभे असते, ते या ओढीच्या बळावर.

बिल कोण भरते?

१ लिटर पाणी वीस मीटर उचलायला सुमारे २०० जूल ऊर्जा लागते. तेच १ लिटर पाणी वाफ करायला सुमारे २४ लाख जूल लागतात, म्हणजे बारा हजार पट. ही ऊर्जा सूर्य देतो. सूर्याच्या या प्रचंड खर्चात पाणी उचलण्याचे काम सहज उरकते. पन्नास वर्षे चालणाऱ्या पंपाचे रहस्य हे. त्याला हलणारा भाग नाही आणि त्याचे बिल झाड भरत नाही.

पानांत तयार झालेली साखर खाली मुळांकडे आणि फळांकडे जाते, ती मात्र वेगळ्या वाटेने. रसवाहिन्या जिवंत पेशींच्या असतात. साखर भरल्यामुळे त्यांत पाणी शिरते, दाब वाढतो आणि रस ढकलला जातो. माडाच्या न उमललेल्या पोयीचे टोक कापले की थेंब थेंब नीरा गळते, ती याच वाहिन्यांतून. पाणी चढते ओढीने, रस जातो दाबाने. म्हणून खोडाच्या खाचेतून धार लागत नाही, पण पोयीतून गोड थेंब गळतात. एकाच झाडात दोन्ही तत्त्वे शेजारी शेजारी नांदतात.

करून पाहा

१. तेरड्याच्या सारख्या उंचीच्या दोन डहाळ्या घ्या. एकीची सगळी पाने खुडा. दोन्ही लाल शाईच्या पाण्यात उभ्या करून खिडकीपाशी ठेवा. तेरड्याचे खोड पारदर्शकासारखे असते, त्यामुळे लाल रेषा चढताना दिसतील. दर दहा मिनिटांनी उंची मोजून वहीत लिहा. कोणती डहाळी पुढे जाते?

२. रजनीगंधाचे दोन ताजे दांडे घ्या. एकाचे टोक बादलीत पाण्याखाली धरून कापा आणि न सुकवता फुलदाणीत ठेवा. दुसऱ्याचे हवेत कापा, दहा मिनिटे तसाच ठेवा आणि मग पाण्यात घाला. कोणता आधी मलूल होतो, ते पाहा. ब्लेड वापरताना घरातल्या मोठ्या माणसाला जवळ बसवा.

३. जास्वंदीच्या पाने असलेल्या फांदीवर सकाळी प्लॅस्टिकची पिशवी बांधा. संध्याकाळी पिशवीतले पाणी मोजा. दुसऱ्या दिवशी तेवढीच पाने असलेल्या, पण सावलीतल्या फांदीवर हाच प्रयोग करा.

आठवड्याने मी वर्गात गेलो आणि फळ्यावर आधी माझे जुने वाक्य लिहून ते खोडले. त्या विद्यार्थिनीला सांगितले की तुझा आकडा बरोबर होता, वाक्य माझे चुकले होते. आता दर वर्षी तो भाग शिकवताना मी सूत्र देतो, माडाची उंची सांगतो आणि गप्प बसतो. कोणीतरी हात वर करेपर्यंत थांबतो.

तुम्हीही पुस्तकात “याच तत्त्वाने” असे शब्द वाचलेत की पेन्सिल घ्या आणि आकडे घालून पाहा. उत्तर जुळले तर तत्त्व पक्के समजले. जुळले नाही, तर हात वर करा.